जादा तास नकोत, अवघड गणितं द्या

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते. शाळेत पुढे असलेली मुलं पहिल्या चाचणीत मार खातात आणि लगेच शाखा सोडायची भाषा करतात. कच्च्या मुलांसाठी जादा तास ठेवला, पण ज्यांनी यायला हवं तीच फिरकत नाहीत. काय करू? – एक प्राध्यापिका

उत्तर : त्या तासाला ती येणारच नाहीत. कायम वरच्या नंबरात असलेल्या मुलीला ‘कच्च्यांच्या तासा’ला बोलावलं की तिच्या मनातल्या भीतीवर आपणच शिक्कामोर्तब करतो.

१९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गणित विभागातल्या युरी ट्राइसमन यांना हेच कोडं पडलं होतं. हुशार कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे बदल मोजणाऱ्या गणितात, का अडकतात? तयारी कमी, जिद्द कमी, असं तिथले प्राध्यापक म्हणत. ट्राइसमन यांनी मुलं अभ्यास कसा करतात तेच जाऊन पाहिलं. कृष्णवर्णीय मुलांची मेहनत भरपूर होती, पण प्रत्येक जण एकटा झगडत होता. चिनी वंशाची मुलं मात्र आधी स्वतः सोडवून मग एकत्र बसत आणि एकमेकांच्या चुका काढत. मग ट्राइसमन यांनी गट केले आणि उजळणीऐवजी त्यांना नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. गुण वाढले, मुलं टिकली.

सोप्या गणितावर बोलायला काही उरतच नाही. हे देऊन बघा : वर रुंद होत जाणाऱ्या बादलीत एकसारख्या धारेनं पाणी पडतंय, तर पाण्याची उंची आणि वेळ यांचा आलेख कसा येईल? ‘सरळ रेषा’ म्हणणारं कुणीतरी निघतंच. दुसरा त्याला अडवतो. वर जाता जाता चढ मंदावणार हे भांडता भांडता सापडतं, आणि अवकलज, म्हणजे त्या क्षणीचा बदलाचा वेग, म्हणजे काय हे मुलांना तिथे खरं कळतं. माझ्या वर्गात या एका बादलीवर अख्खा तास गेलेला आहे, आणि तो सत्कारणी लागला असंच मी मानते. चार-पाच जणांचे गट करा, स्वतः फिरत राहा, उत्तर मात्र सांगू नका.

अभ्यासक्रम मागे पडेल ही धास्ती मला माहीत आहे. पण २०१४ मध्ये विज्ञान-अभियांत्रिकीच्या अध्यापनावरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात सरासरी सुमारे ३४ टक्के मुलं नापास झालेली दिसली. मुलांना सोडवायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत हेच प्रमाण सुमारे २२ टक्के होतं.

गट सगळ्यांसाठी ठेवा आणि पहिल्या चाचणीच्या आधीच सुरू करा. दुसऱ्या विषयाची खरी ओढ असलेल्याला मनापासून जाऊ द्या. पण ‘मला जमतच नाही’ म्हणून निघालेल्याला पेपर घेऊन बोलवा, आणि पहिली चूक कोणत्या ओळीत झाली ते त्यालाच शोधायला लावा.