सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर दिवसभर फिरायला कोणते कपडे घालावेत?

शिकारीचे म्हणून विकले जाणारे कपडे चालतील का, असं विचारलंय. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, पण काळवीट, लांडगे बघायला ते कपडे घालायला हरकत नाही. फक्त त्या कपड्यांवरचा गडद हिरवा छापा आपल्या माळात मिसळत नाही. पावसाळा सोडला तर गवत वाळलेलंच असतं. मळकट खाकी बरा.

खरा शत्रू कुसळं. लोकरीत, होजियरीत आणि सुती मोज्यांत ती अशी घुसतात की संध्याकाळी उपटत बसावं लागतं. म्हणून पँट घट्ट विणीच्या, गुळगुळीत टेरिकॉटची. सोलापूर गणवेशांचं गाव. शिंप्याकडून गुडघ्याला दुहेरी कापड लावून शिवून घ्या, तयार ब्रँडेड पँटपेक्षा जास्त टिकेल. जीन्स नकोच, भिजली की वाळता वाळत नाही.

डिसेंबरात पहाटे काकडायला होतं आणि अकराला घाम फुटतो, तेव्हा एका जाड जॅकेटऐवजी पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, वर पातळ स्वेटर आणि वाऱ्यासाठी विंडचीटर. सप्टेंबरात परतीचा पाऊस अचानक गाठतो, रेनकोट सॅकमध्ये असू द्या. घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. टोपी मात्र कुठलीही चालेल, कडा रुंद असली म्हणजे झालं.