स्टूल रिपोर्टमध्ये 'एन्टामिबा हिस्टोलिटिका सिस्ट' आलंय, त्रास काहीच नाही. पीसीआर करून प्रजाती तपासावी का? कुठे होतं, खर्च किती?

तपासून घ्या, पीसीआर चाचणीत डीएनएवरून प्रजाती कळते. पण त्याआधी रिपोर्ट लिहिणाऱ्याला विचारा, नुसती सिस्ट (अमिबाचं कवचातलं, न हलणारं रूप) बघून हिस्टोलिटिका ओळखली कशी?

सूक्ष्मदर्शकाखाली आजार करणारी हिस्टोलिटिका आणि अमिबाचीच दुसरी, निरुपद्रवी प्रजाती डिस्पार यांच्या सिस्ट अगदी सारख्या दिसतात. ब्रुम्प्ट या फ्रेंच परजीवीतज्ज्ञाने डिस्पार वेगळी आहे हे १९२५ मध्येच मांडलं होतं. ते सर्वमान्य व्हायला १९९३ साली डायमंड आणि क्लार्क या संशोधकांना जैवरासायनिक आणि जनुकीय पुरावे एकत्र मांडावे लागले. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितलं, की नुसती सिस्ट दिसली तर 'हिस्टोलिटिका/डिस्पार' लिहा आणि लक्षणं नसतील तर तेवढ्यावर औषध देऊ नका.

माझा मामा एका कँटीनमध्ये आचारी होता. कंत्राटदाराने सगळ्यांच्या विष्ठेची तपासणी करवली आणि मामाच्या रिपोर्टवर तुमच्यासारखेच शब्द आले. पोटाची काहीही तक्रार नसताना त्याला चुलीवरून उठवून भांडी घासायला लावलं, पगार कमी केला. मेट्रोनिडाझोल हे अमिबावरचं औषध सुरू झालं. तोंड सतत कडू, अन्न जाईना. परत तपासणी, परत सिस्ट, परत तोच कोर्स. (आतड्याच्या पोकळीतल्या सिस्टसाठी मेट्रोनिडाझोलवर भरवसा ठेवता येत नाही, त्याला डायलोक्सानाइड हे दुसरं औषध लागतं. लिहून देणाऱ्याला एवढं तरी माहीत हवं होतं.) मी तेव्हा एमएस्सी करत होते, आमच्या प्रयोगशाळेत अमिबाच्या १८एस जनुकावर पीसीआर चालायचा. मॅडमची परवानगी घेऊन मामाचा नमुना लावला. डिस्पार निघाली.

जेलचा फोटो, म्हणजे पीसीआरचा निकाल, घेऊन मी मामाचा रिपोर्ट देणाऱ्या लॅबच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "अगं, आम्ही वर्षानुवर्षं असंच लिहितोय. डिस्पार लिहिलं तर बाहेरच्या डॉक्टरांना कळणार नाही." मला हे तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. एक तिरकी रेघ आणि एक शब्द लिहायला कुठलं मशीन लागतं? त्या एका शब्दाअभावी माणसाची रोजीरोटी जाते.

पीसीआरचा खर्च जागेप्रमाणे बदलतो. जवळच्या मोठ्या मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात विचारा. नमुना ताजा द्या. फॉर्मलिनमध्ये घातलेल्यातून डीएनए नीट मिळत नाही.

आणि हो, खरीच हिस्टोलिटिका निघाली तर त्रास नसला तरी औषध घ्याच. ती पुढे यकृतात गळू करू शकते, घरातल्यांनाही लागू शकते. रक्त-आव पडत असेल, ताप असेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर पीसीआरची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. ट्रोफोझॉइटने (अमिबाच्या हालत्या रूपाने) रक्तातल्या तांबड्या पेशी गिळलेल्या दिसल्या, तर हिस्टोलिटिका लिहायला आधार असतो.

पण तुमच्या रिपोर्टवर फक्त सिस्ट आहे. लॅबमध्ये जाऊन तो दुरुस्त करून मागा. 'डॉक्टरांना कळणार नाही' असं म्हणाले, तर तुमच्या डॉक्टरांनाच फोन लावून द्या.