पेट्या किलोवर देण्याआधी

प्रश्न : आम्ही सोलापूरचे. माझ्या वडिलांचा नवी पेठेत फोटो स्टुडिओ होता. पुढे मी चालवला, २०११ साली बंद केला. आता अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. मुलाला बारावी सायन्सला ६१ टक्के पडले. एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी दे म्हणतो, तर तो आजोबांच्या निगेटिव्हच्या पेट्या उघडून बसतो. त्याला पोर्ट्रेट फोटोग्राफर व्हायचंय आणि स्कॅनिंगसाठी ४८ हजारांचं मशीन हवंय. चांदी काढणारे निगेटिव्ह किलोवर घेतात. पेट्याच देऊन टाकल्या की खूळ जाईल असं वाटतं. यात काही राम नाही, हे तुम्ही त्याला समजावून सांगा. (पत्र संक्षिप्त केले आहे.)

उत्तर : सप्रेम नमस्कार.

‘पेट्याच देऊन टाकल्या की खूळ जाईल’ हे तुमचं वाक्य वाचून मी अस्वस्थ झाले. मुलाचं मन एखाद्या गोष्टीवरून उडावं म्हणून ती गोष्टच घरातून काढून टाकायची, हा उपाय मी बऱ्याच घरांत पाहिलाय. कुणी तबला विकतं, कुणी क्रिकेटचं किट देऊन टाकतं. मूल त्यानंतर अभ्यासाला बसतंसुद्धा. पण आपल्याला काय आवडतं हे घरात सांगणं ते बंद करतं. अशी मुलं माझ्यासमोर येतात तेव्हा वडील बोलत असतात आणि ती खुर्चीच्या हाताचं रेक्झिन नखानं उकरत असतात.

तुमच्याबद्दलही स्पष्टच लिहिते. मूळ पत्र तीन पानांचं आहे आणि त्यात मुलाबद्दल जेमतेम अर्धं पान. बाकी सगळा स्टुडिओ आहे : रोल धुवायला येणं कसं थांबलं, भाडं कसं थकत गेलं, शेवटचं शटर ओढलं त्या दिवशी वडील एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणं तुम्ही अजून मनात घेऊन फिरताय. स्टुडिओ तुमच्या हातानं बुडाला नाही. त्या काही वर्षांत गावोगावचे स्टुडिओ बंद पडले, आणि जानेवारी २०१२ मध्ये खुद्द कोडॅकनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तुमचं नुकसान खरं आहे, पण ते मुलाच्या खात्यावर लिहू नका. हिशेब बघणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

‘मोबाईलनं धंदा संपवला’ असं तुम्ही म्हणता. संपलं ते रोल धुणं आणि कॉप्या काढणं. पासपोर्टचा फोटो सेवा केंद्रातच काढतात, आधारचाही तिथल्या तिथे. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा नीट टिपणं हे काम आहेच, आणि त्याचे पैसेही मिळतात. पगारासारखे एक तारखेला मिळत नाहीत, एवढंच.

आता पुढचं चिरंजीवांना वाचायला द्या.

बाळा, पोर्ट्रेट फोटोग्राफरचा दिवस कॅमेऱ्यामागे फार थोडा जातो. तीनशे फोटोंतून बारा निवडायचे, त्यांच्यावर रात्र घालवायची, सगळं दोन हार्डडिस्कवर ठेवायचं, अल्बम दिल्यावर राहिलेल्या पैशांसाठी चार-चार फोन करायचे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईत जेवायला उसंत नाही आणि आषाढापासून पुढे हात रिकामे. हे चालणार असेल तर पुढचा विचार कर. पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या एखाद्या आजीला स्टुलावर बसव. ती पदर सावरेल, ओठ घट्ट मिटेल आणि दगडासारखी बसेल. तिला नातवंडांबद्दल विचारायचं, बोलतं ठेवायचं आणि तिचे खांदे खाली आले की बटण दाबायचं. हे कोर्समध्ये शिकवून येत नाही. चांगलं काम करणाऱ्या एखाद्या फोटोग्राफरकडे एक सीझन लाईटचे स्टँड उचल, तिथे येईल.

मशीनचं म्हणशील, तर आमच्या घरातले वडिलांचे रोल मी एका उन्हाळ्यात स्वतः स्कॅन केलेत, म्हणून थोडं अधिकारानं सांगते. तू डीपीआयच्या, म्हणजे इंचाला किती ठिपके टिपले जातात त्या, आकड्याला भुललायस. एप्सनच्या व्ही ६०० स्कॅनरवर ६४०० लिहिलेलं असतं, पण निगेटिव्हमधला खरा तपशील तो साधारण १५००-१६०० इतकाच उचलतो. बाकी फक्त फाइल फुगते. आता हिशेब मांड. १२० च्या, म्हणजे रुंद फिल्मच्या, रोलवरची चौकोनी फ्रेम ५६ मिलिमीटरची, म्हणजे २.२ इंच. १५०० नं गुणलंस तर एका बाजूला ३३०० पिक्सेल, त्यातून इंचाला तीनशेच्या हिशेबानं अकरा इंची प्रिंट उत्तम निघते. त्याच मशीनवर ३५ मिलिमीटरची फ्रेम ठेवलीस तर पाच बाय सातच्या आतच थांबावं लागेल. तिच्यासाठी प्लसटेकचा फक्त ३५ मिलिमीटरच्या फिल्मचा स्कॅनर बरा, पण त्यात १२० चा रोल जातच नाही. हाफ प्लेट, म्हणजे जुन्या स्टुडिओ कॅमेऱ्याची मोठी निगेटिव्ह, या दोन्हींत मावत नाही, तिला एप्सनच्याच व्ही ८५० च्या वर्गातलं महाग मशीन लागतं. म्हणून मशीन निवडण्याआधी पेट्या मोज. कुठल्या मापाच्या किती, हे ठाऊक नसताना ४८ हजार घालवणं चूक आहे. इथे मी तुझ्या बाबांच्या बाजूची आहे.

आणखी एक. धूळ आपोआप काढणारी जी डिजिटल आइस सोय जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते, ती इन्फ्रारेड प्रकाशावर चालते. कृष्णधवल फिल्मवरची चित्रातली चांदीच तो प्रकाश अडवते, त्यामुळे तिथे ती सोय कामाची नाही. आजोबांच्या कृष्णधवल कामाला ब्लोअर, मऊ ब्रश आणि धीर, एवढंच लागेल. सुरुवात तर मशीनशिवायही होते. मित्राचा डीएसएलआर, अगदी जवळून टिपणारी, भाड्यानं आणलेली मॅक्रो लेन्स, खाली चांगल्या प्रतीचा एलईडी लाईट पॅड आणि कॅमेरा बरोबर वरून सरळ. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, फोटो घे आणि कॉम्प्युटरवर निगेटिव्हचं पॉझिटिव्ह कर. मापाची अडचणच येत नाही.

पेटी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा पाया खराब होऊ लागलाय असं समज. ती पेटी बाकीच्यांपासून वेगळी ठेव आणि तिचंच काम आधी घे. आपल्याकडचा चाळीस अंशांवरचा उन्हाळा आणि पत्र्याखालचा माळा याला वाईट. पेट्या आजच खाली, सावलीच्या खोलीत आण.

आणि ओल्या फडक्यानं काहीही पुसू नकोस. मोठ्या मापाची एखादी निगेटिव्ह खिडकीपाशी तिरकी धरून बघ. चमक नसलेल्या बाजूवर, डोळ्यांखाली आणि नाकाच्या कडेला, शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा दिसतील. ते रिटचिंग. टोक काढलेल्या पेन्सिलीनं, भिंगाखाली, सुरकुती अगदी पुसायची नाही, नुसती हलकी करायची. स्कॅन करताना ते चुकून गेलं तर आजोबांचा हातच गेला.

बाबा, हे वाचताना तुम्हाला पेन्सिलीचा नंबरसुद्धा आठवला असेल.

परीक्षांबद्दल थोडक्यात : बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, राज्याची सीईटी आहे, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं (एफटीआयआय) सिनेमॅटोग्राफी आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) गांधीनगर आवारातलं फोटोग्राफी डिझाइन हे दोन्ही पदवीनंतर. इंजिनिअरिंगसाठी एक वर्ष फुकट घालवायला माझा विरोध आहे, कारण ते त्याला नकोय आणि हे तुम्हालाही माहीत आहे. गावातच बी.कॉम.ला नाव घाला. धंदा करायचा तर जमाखर्च आलाच पाहिजे, आणि तो शिकवायला घरात तुम्ही आहात.

मशीनला आत्ता पैसे देऊ नका. मॅक्रो लेन्सचं भाडं आणि लाईट पॅड एवढाच खर्च करा. रविवारी दोघं एका पेटीपाशी बसा. पाकिटांवर कुणाची नावं आहेत, कुठलं कुटुंब गड्ड्याच्या जत्रेला आलं की दरवर्षी फोटो काढून जायचं, कुठल्या नवरीचा फोटो दोनदा घ्यावा लागला, हे त्या पोराला कुठलाही स्कॅनर सांगणार नाही. तुम्ही सांगाल ते त्याला वहीत लिहू दे. महिनाभरानं मला मापांची यादी पाठवा : १२० चे किती, ३५ चे किती, हाफ प्लेट किती. मशीनचं तेव्हा बघू. तोवर चांदीवाल्याला येऊ नका म्हणून सांगून टाका.