वाकळ की गोधडी? आणि ‘वाकळीचा’ की ‘वाकळेचा’?

प्रश्न असा आला आहे. कोल्हापुरातल्या एका घरात पणजीच्या आणि आज्जीच्या हातच्या काही वाकळा, म्हणजे जुन्या कापडाचे थर शिवून केलेली अंथरुणं-पांघरुणं, जपून ठेवल्यात. कुठली कुणी शिवली, कशाची शिवली, हे आता वहीत लिहून ठेवायचं चाललंय. पुण्यात वाढलेली सून म्हणते, ‘गोधडी’ लिहा. वाकळ हा गावाकडचा शब्द, बाहेरच्यांना कळायचा नाही. तर दोन्ही एकच का? वाकळ हा शब्द अशुद्ध आहे का? आणि ‘वाकळीचा’ लिहायचं की ‘वाकळेचा’?

वाकळच लिहा. घरात जो शब्द बोलला गेला तोच त्या वस्तूचं नाव, हे एक कारण झालं. दुसरं असं, की ज्याला सून गावठी समजते तो शब्द चांगलाच जुन्या घराण्यातला आहे.

वाकळ आली वल्कलापासून. संस्कृतातल्या जोडाक्षरांचं प्राकृतात द्वित्त झालं, म्हणजे एकच व्यंजन दोनदा आलं, आणि मराठीत येताना त्यातलं एक व्यंजन गळून आधीचा स्वर लांबला. कर्म, कम्म, काम. सप्त, सत्त, सात. चक्र, चक्क, चाक. त्याच वाटेनं वल्कल, वक्कल, वाकळ. शेवटी ‘ल’चा ‘ळ’ झाला तो फल-फळ, कमल-कमळ यांच्यासारखाच. मूळ ‘वल्क’ म्हणजे झाडाची साल, आणि तोही मराठीत जिवंत आहे: घायपाताच्या पानातून जो तंतू काढून दोर वळतात त्याला आपण वाख म्हणतो, तो याच वल्काचा. साल, मग सालीचं वस्त्र, मग कसलंही जाडंभरडं पांघरूण, आणि शेवटी जुन्या कापडाचं शिवलेलं अंथरूण, असा अर्थ सरकत आला असावा. वाकळेचा संबंध ‘वाकणं’शी लावायचा मोह होतो, घडी घालताना ती वाकते म्हणून, पण मग त्या ‘ळ’चं काय करायचं? रामानं वनवासात नेसलेली वल्कलं पोथीतून जशीच्या तशी आली, आणि वाकळ आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडून झिजत आली. दोघी एकाच आईच्या.

गोधडीचं कूळ वेगळं. हिंदीत गुदडी, गुजरातीत गोदडी, आणि हिंदीत गूदड म्हणजे चिंध्या. महाराष्ट्रात तो शब्दही मानाचा आहे. कर्जतचे गोदड महाराज आहेत, आणि गाडगेबाबांना त्यांच्या ठिगळांच्या वेषावरून लोक गोधडेबाबा म्हणत. तेव्हा गोधडी शुद्ध आणि वाकळ अशुद्ध, अशी वाटणी करायला कुठलाच आधार नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात वाकळ म्हणतात, पुण्याकडं गोधडी. गडहिंग्लज, निपाणीच्या पुढं कानडी घरात गेलात तर हीच वस्तू कौदी होते. आणखी खाली उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडं, सिद्दी समाजाच्या बायका शिवतात ती कवंद. तिच्या चारी कोपऱ्यांना त्रिकोणी रंगीत तुकडे बसवतात, त्यांना फूल म्हणतात. बंगालची कांथा आपल्या ‘कंथा’ची सख्खी, फक्त मराठीत कंथा बैराग्याच्या अंगावरच राहिली.

दोन्ही शब्द ज्या घरात चालतात तिथं मात्र थोडा फरक केलेला मी ऐकलाय. वाकळ म्हणजे जाड, खाली अंथरायची, चार माणसं आडवी होतील एवढीसुद्धा. गोधडी त्यामानानं पातळ, अंगावर घ्यायची. बाळाचं ते दुपटं, नावाप्रमाणं दोन पदरी. आणि रजई, दुलई, गादी या सगळ्यांत कापूस असतो, तो पिंजाऱ्यानं पिंजलेला. वाकळेत कापूस नसतो. कापडावर कापड, एवढंच. पिंजाऱ्याचा हात तिला लागत नाही. ती घरच्या बाईची किंवा दारोदार फिरून शिवून देणाऱ्या बायकांची.

आता तुमच्या वहीबद्दल, कारण माझ्या मते खरा ऐवज तिथं आहे. ‘जुन्या कपड्यांची वाकळ’ एवढं लिहून थांबू नका. प्रत्येक थराचं नाव लिहा. आमच्याकडची एक वाकळ काठाशी उसवली, ती दुरुस्तीला घेतली तेव्हा काकीनं एकेक पदर उचलून दाखवला. वर इरकल, म्हणजे कर्नाटकातल्या इलकलचं लुगडं, गोमी काठाची, तिचा लाल टोपपदर आणि त्यावरचे पांढरे दात मधोमध आलेले. लुगडं नऊवारी, म्हणून एकाच लुगड्यात वरचं आणि खालचं दोन्ही अंग निघालं होतं. त्याच्या आत धोतराचे दोन थर. आणि त्याच्याही आत एक अख्खी जुनी वाकळ, कापड विरून जाळी झालेली, पण तिचे टाके जागेवर. वरचे टाके बोटाच्या पेराएवढे आणि आतले तांदळाच्या दाण्याएवढे. काकी म्हणाली, “आतली थोरल्या आज्जीची, बाहेरली माझ्या सासूची. सासूला घाई असायची.” दोन बायकांचा स्वभाव त्या टाक्यांत राहिला होता, आणि ते सांगणारं माणूस समोर होतं म्हणून मला कळलं. तुमच्या घरात असं सांगणारं कुणी असेल तर आधी त्यांच्याजवळ बसा, शब्दकोश नंतर बघा.

कापडावरून काळाचाही अंदाज बांधता येतो. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग 1904 साली बसवला, कोल्हापुरात शाहू महाराजांनी मिलचा पाया 1906 ला घातला. त्यापुढं या भागातल्या घरांत हातमागाच्या जोडीला गावच्याच यंत्राचं कापड येत गेलं. इरकली इलकलहून यायच्या. टेरिकॉट, नायलॉन फार नंतरचं, साधारण 1970 च्या आसपास घराघरांत पोचलेलं. आतल्या थरात तसलं कापड सापडलं तर ती वाकळ त्याआधीची नक्की नाही. मात्र वरच्या ठिगळावरून ठरवू नका, ठिगळ कधीही लागतं. आणि सगळं सुती आहे म्हणून ती जुनीच, असंही धरू नका. कोल्हापुरात सुती लुगडी नेसणाऱ्या आज्ज्या अजून आहेत. पॉलिस्टर वाकळेला मानवत नाही, हे शिवणाऱ्या बायकाच सांगतात. ते निसटतं, घाम पीत नाही, थर एकमेकांना धरत नाहीत.

शिवण्याचे शब्दही टिपून ठेवा. कापड जमिनीवर ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, लांब टाक्यांनी आधी टाचून घ्यायचं आणि मग काठापासून आत आत फेर घेत धावदोरा घालायचा. धुण्याचेही शब्द आहेत. नवरात्रात घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण पंचगंगेवर धुवायला जायचं, ओली वाकळ एकटीला उचलायची नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. तुमच्या घरात ‘हातरुण’ म्हणत असतील तर ‘हातरुण’च लिहा, ‘अंथरूण’ असं सुधारून घेतलंत तर बोलणाऱ्या माणसाचा आवाज गेला.

राहिला शेवटचा प्रश्न. शेवटी अकार असलेल्या स्त्रीलिंगी नामाचं अनेकवचन बघायचं. वीट-विटा, म्हणून विटेला. जीभ-जिभा, म्हणून जिभेला. भिंत-भिंती, म्हणून भिंतीला. आपण म्हणतो एक वाकळ, दोन वाकळा. ‘वाकळी’ म्हणत नाही. म्हणून प्रमाण लेखनात वाकळेचा, वाकळेला, वाकळेत; आणि अनेकवचनात वाकळांचा, वाकळांना. बोलताना कोल्हापुरात ‘वाकळंचा’, ‘वाकळंत’ असं होतं, ते या नियमाला धरूनच आहे. जिभेला ‘जिभंला’ होतं तसंच. तुमच्या वहीत निवेदन ‘वाकळेचा’नं करा, आणि आज्जीचं बोलणं अवतरणात असेल तिथं ‘वाकळंचा’ राहू द्या.