सॉर्ट ‘स्टेबल’ असूनही सारख्या रकमेच्या पावत्या उलट्या का लागतात?

तुमचा प्रश्न मला असा समजला. मंडळाच्या वर्गणीची यादी लावायची आहे. जास्त रक्कम वर, आणि रक्कम सारखी असेल तर ज्याची पावती आधी फाटली त्याचं नाव आधी. जावास्क्रिप्टचं सॉर्ट स्टेबल असतं असं वाचल्यामुळे तुम्ही पावती क्रमांकाचा विचारच केला नाही, आणि आता ५०१ वाल्यांच्या पावत्या १२, १९, २७ ऐवजी २७, १९, १२ अशा लागतायत. दोन नोंदींपैकी पुढे कोण हे सॉर्टला सांगणारं तुमचं फंक्शन हे (उत्तर उणे आलं तर अ पुढे, अधिक आलं तर ब पुढे):

(अ, ब) => अ.रक्कम >= ब.रक्कम ? -1 : 1

(नावं मी देवनागरीत केली. जावास्क्रिप्टला ती बिनबोभाट चालतात, ओळ अशीच्या अशी डकवून बघा. आकडे मात्र कोडमध्ये इंग्रजीच लागतात.)

सॉर्टने काही चुकवलेलं नाही. गोची त्या ‘>=’ मध्ये आहे. स्टेबल म्हणजे एवढंच, की बरोबरीत सुटलेल्या नोंदी मुळात ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने राहतील. पण बरोबरी झाली हे सांगायचं कोणी? तुमच्या फंक्शनने, शून्य परत करून. आणि तुमचं फंक्शन शून्य कधी म्हणतच नाही.

फंक्शनच्या आत दोन्ही पावती क्रमांक छापून बघा, मजा कळेल. क्रोम पहिल्याच हाकेत ‘अ’ म्हणून १९ देतो आणि ‘ब’ म्हणून १२, म्हणजे यादीत मागे असलेला आधी. ५०१ >= ५०१ खरं, म्हणून उत्तर उणे एक, म्हणजे १९ पुढे. मग २७ आणि १९, पुन्हा तेच. इंजिनाला, म्हणजे क्रोमच्या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या भागाला, वाटतं हा तुकडा सबंध उलटा लागलाय, आणि ते इमानेइतबारे तो सुलटा करून देतं. झाल्या २७, १९, १२. तेच फंक्शन १२ ला ‘अ’ करून विचारलं असतं तर १२ पुढे म्हणालं असतं. ज्याचं नाव आधी घेतलं त्याची बाजू घेणारा साक्षीदार आहे तो.

तेव्हा पहिली दुरुस्ती: ब.रक्कम - अ.रक्कम. रक्कम सारखी असली की आपोआप शून्य.

पण मी तिथे थांबणार नाही. स्टेबल सॉर्ट आलेला क्रम जपतं, आणि आलेला क्रम पावतीचाच होता याची खात्री कुठे आहे? पोरं तीन पावतीपुस्तकं घेऊन तीन गल्ल्यांत फिरतात, फोनवर नोंद करतात, रेंज आली की ती वर चढते. वर्गणीच्या यादीत तर बरोबरी हा अपवाद नसतोच: १०१, २५१, ५०१, १००१, संपली यादी. एकेका रकमेवर तीसचाळीस नावं. अशा ठिकाणी क्रम नशिबावर सोडू नका, फंक्शनमध्येच लिहा:

(अ, ब) => ब.रक्कम - अ.रक्कम || अ.पावती - ब.पावती

‘||’ म्हणजे ‘डावीकडचं खोटं निघालं तर उजवीकडचं घ्या’. शून्य हे जावास्क्रिप्टच्या लेखी ‘खोटं’, म्हणून रक्कम सारखी असेल तरच गाडी पुढच्या वजाबाकीवर जाते. पुस्तकं वेगवेगळी असतील तर मध्ये पुस्तक क्रमांकाची आणखी एक वजाबाकी टाका. आता कुठल्याच दोन नोंदी बरोबरीत सुटत नाहीत, त्यामुळे सॉर्ट स्टेबल असो नसो, फरक पडत नाही.

हा फरक नुसता पुस्तकी नाही. जावास्क्रिप्टच्या अधिकृत नियमावलीत (स्टँडर्डमध्ये) स्टेबल असण्याची सक्ती आली ती २०१९ च्या आवृत्तीत. क्रोम ७० च्या आधी, म्हणजे २०१८ पर्यंत, तो १० नोंदींपर्यंतच्या याद्या इन्सर्शन सॉर्टने लावायचा, जे स्टेबल असतं, आणि त्याहून मोठ्या क्विकसॉर्टने, जे नसतं. म्हणजे आठ नावांच्या चाचणीत सगळं गोड, आणि खऱ्या यादीत बोंब. नंतर त्यांनी टिमसॉर्ट हे स्टेबल सॉर्ट आणलं, जे टिम पीटर्सने २००२ मध्ये पायथॉनसाठी लिहिलं होतं. पीएचपी या भाषेच्या सॉर्टला स्टेबल व्हायला ८.० आवृत्ती, म्हणजे २०२० उजाडावं लागलं. सी भाषेतलं क्यूसॉर्ट हे सॉर्टचं फंक्शन आजही तशी हमी देत नाही. जावाचं टिमसॉर्ट तर तुमच्यासारखं दुतोंडी फंक्शन मोठ्या यादीत सापडलं की सरळ एक्सेप्शन फेकू शकतं, म्हणजे चूक दाखवून थांबतं, ‘तुलनेचा करार मोडलात’ म्हणून. छोट्या यादीत तेही गप्प बसतं.

आता खरा खड्डा, ज्यात मी स्वतः पडलोय. आमच्या यादीत सगळं नीट असताना एक दिवस १०१ वाले वर आणि १००१ वाले खाली दिसायला लागले. फंक्शन वरचंच होतं, तासभर त्याच्याकडेच बघत बसलो. शेवटी सापडलं: एका पोराने कीबोर्ड मराठीवर असताना रक्कम ‘५०१’ अशी टाकली होती. जावास्क्रिप्ट देवनागरी आकड्यांना अंक मानत नाही. त्यांची वजाबाकी केली की ‘नॅन’ येतं, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’. १००१ मध्ये स्वल्पविराम टाकला तरी तेच.

समजा पावती ४ वर १०१, पावती ५ वर ती मराठी ‘५०१’, पावती ६ वर १००१. नॅन हेही ‘खोटं’ धरलं जातं, त्यामुळे ५ आणि ४ ची तुलना रक्कम सोडून पावतीवर घसरते: ४ आधी. ६ आणि ५ चीही तीच गत: ५ आधी. दोन्ही उत्तरांवरून इंजिन ठरवतं की यादी लागलेलीच आहे, ४ आणि ६ ची गाठ कधी पडतच नाही. एक बिघडलेली नोंद मधल्या भिंतीसारखी उभी राहते आणि अलीकडचे पलीकडच्यांना भेटत नाहीत.

यावर उपाय तुलनेच्या फंक्शनमध्ये करू नका. नोंद आत घेतानाच मराठी आकडे इंग्रजी करा, स्वल्पविराम काढा, अंकात रूपांतर करा, आणि नॅन आलं तर नोंद परत पाठवा. रूपांतर नाही केलं तर आणखी एक फटका आहे: दोन्ही बाजूंच्या रकमा अंक नसून मजकूर (स्ट्रिंग) असताना ‘>=’ अक्षराला अक्षर लावून बघतं, आणि त्याच्या लेखी ५०१ हे १००१ पेक्षा मोठं, कारण ५ हे १ च्या पुढे.

कोणी सांगेल, चढत्या क्रमाने लावून मग यादी उलटी करा. नका करू. उलटी केली की बरोबरीवालेही उलटे होतात, आणि तुम्ही परत २७, १९, १२ वर.

पुढेमागे नावानुसार यादी मागतीलच. तिथे < आणि > वापरू नका, कारण ती युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या, क्रमांकाने चालतात, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ ‘ल’ च्या लगेच नंतर, ‘व’ च्याही आधी बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. म्हणजे कावळे, कासार, काळे असं हवं असताना काळे पहिले येतात. भाषेच्या क्रमाने तुलना करणारं लोकेल-कम्पेअर (localeCompare) वापरा आणि भाषा म्हणून मराठीचा ‘एमआर’ (mr) कोड द्या. हीच तीन आडनावं टाकून तुमच्या ब्राउझरवर एकदा पडताळा, आणि नाव सारखं निघालं तर त्यापुढेही तीच पावतीची वजाबाकी जोडा. एका वाड्यात दोन सुरेश काळे असतातच.