ताई, विचारू का? : परदेशी शहर, नवी शाळा

प्रश्न : ताई, परदेशात शिकवायला येऊन तीन आठवडे झाले. शहर केवढं मोठं आहे म्हणून सांगू, अजून पत्ताच लागत नाहीये. शाळेने पहिल्या महिन्याची राहायची सोय केली होती, ती आता संपत आलीये. दोन जागा बघितल्या, एक शाळेपासून वीस मिनिटांवर पण खोली अगदी पिटुकली आणि भाडं जास्त, दुसरी ऐसपैस आणि स्वस्त पण जायला दीड तास, मध्ये दोनदा ट्रेन बदलायची. सगळे म्हणतायत पैसे वाचव. काय करू?

उत्तर : पिटुकली घे, मी तर दुसरा विचारसुद्धा केला नसता. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये असं मांडलं होतं की माणूस पायी जावो नाहीतर गाडीने, रोजच्या जाण्यायेण्यात साधारण तासभर घालवतो, वाहन वेगवान झालं की वेळ काही वाचत नाही, घर तेवढं लांब जातं. तुझे होणार तीन तास. आणि आपलं काम शाळा सुटल्यावर संपतं थोडंच, वह्या आहेत, उद्याची तयारी आहे. (ट्रेनमध्ये वह्या तपासेन असं मीही ठरवलं होतं. एका हाताने दांडा धरून तपासून बघ एकदा.) पहिलं वर्ष काढ तिथे, मग ओळखी झाल्या, शहर कळलं की हवं तर बदल. फक्त जागा स्वतः बघितल्याशिवाय आणि करार नीट वाचल्याशिवाय डिपॉझिट देऊ नकोस, आणि शाळेच्या वेळेला, म्हणजे सकाळच्या गर्दीत, एकदा तो रस्ता जाऊन बघ, रविवारी दुपारी सगळंच जवळ वाटतं.

आणि पत्ता लागत नाही म्हणतेस ना, तर अख्खं शहर एकदम पाठ करायच्या भानगडीत पडू नकोस. शहररचनेचे अभ्यासक केविन लिंच यांनी लोकांना आपापल्या शहराचा नकाशा मनाने काढायला लावला होता, १९६० साली ते सगळं त्यांनी मांडलं, तर लोकांच्या डोक्यात शहर पाचच गोष्टींनी बसलेलं असतं, रस्ते, कडा (नदी, रेल्वेरूळ अशा हद्दी), वस्त्या, चौक आणि ठळक खुणा. तू फोनवरचा मॅप बघत चालतेस म्हणून यातलं काहीच डोक्यात शिरत नाही. आठवड्यातून एकदा फोन पर्समध्ये टाक आणि शाळेतून घरी वेगळ्या वाटेने ये. चुकशील, चुकू दे.

प्रश्न : नमस्कार ताई, नऊ वर्षं विज्ञान शिकवतोय, इथे आलो आणि वर्गात शुकशुकाट. प्रश्न विचारला की मुलं नुसती बघत बसतात, मग मीच उत्तर सांगून मोकळा होतो. माझे उच्चार कळत नसतील का?

उत्तर : थोडेफार कळत नसतीलही सर, पण कान लवकर सरावतात, नवे शब्द फळ्यावर लिहीत चला म्हणजे काम भागेल. मला शंका आहे ती तुमच्या घाईची. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांमधली रेकॉर्डिंग तपासली, तर शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत होते, तेच तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणं कमी झालं. इथे तर पोरांना आधी तुमचं बोलणं पकडायचंय, मग प्रश्न समजून घ्यायचाय आणि मग हात वर करायचाय. मनात तीन आकडे मोजा, नव्या माणसाला ती शांतता खायला उठते हे मला माहितीये, तरी मोजा.

अजून एक, हे तुम्ही विचारलं नाहीत. मुलांच्या सुरक्षिततेचे शाळेचे लेखी नियम आधी मागून घ्या. पाठीवर थाप मारलेली चालते का, एकट्या मुलाला वर्गात थांबवायचं का, फोन नंबर द्यायचा का, फोटो काढायचा का. नऊ वर्षांच्या सवयीने मायेपोटी केलेली गोष्ट तिथे तक्रार होऊन बसते, आणि मग समजावत बसायला तुमच्याकडे भाषाही धड नसते.

प्रश्न : ताई, पहिला महिना मस्त गेला, आता दुसऱ्यात सगळ्याचा राग येतोय, लोकांचा, पावसाचा, पाण्याच्या चवीचा. मी चुकले का येऊन?

उत्तर : अगं, तुझ्या लिस्टमधलं पाणी वाचून हसूच आलं. कल्चर शॉक, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणारा धक्का, हा शब्द ज्यांच्यामुळे सगळीकडे पोचला त्या मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबेर्ग यांच्या १९६० च्या लेखात लक्षणांची यादी आहे, त्यात पिण्याच्या पाण्याची नको इतकी काळजी आणि सारखे हात धुणं हेसुद्धा आहे! सुरुवातीला सगळं गोड, मग चीड, मग हळूहळू सवय, असे टप्पे त्यांनी सांगितलेत. या चिडीच्या टप्प्यात आपल्यासारखेच वैतागलेले लोक जमवून रोज त्या देशाला शिव्या घालायचा मोह होतो, महिन्यातून एकदा घाला, रोज नको. त्यापेक्षा स्टाफरूममध्ये एक जण असा शोध ज्याला मूर्ख वाटणारे प्रश्न विचारता येतील. बहुतेक वेळा तो शिपाई किंवा ऑफिसातली क्लार्क निघते, हेडमास्तर नाही. राजीनाम्याचं बघायचंच असेल तर सत्र संपल्यावर बघ.

प्रश्न : डिग्रीवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, इथे आल्यावर करून मिळेल का?

उत्तर : नाही. १९६१ च्या हेग करारातली ही सोय आहे, कागद ज्या देशाने दिला तोच देश त्यावर अपोस्टिल करतो. निघायच्या आधी करायला हवं होतं, आता मूळ सर्टिफिकेट कुरिअरने घरी पाठव आणि सोबत घरच्या कुणाच्या तरी नावाने अधिकारपत्र दे. पाठवायच्या आधी स्कॅन करून ठेव.