अंग बाहेर येतंय, व्यायामाने बरं होईल?

प्रश्न : बाळंतपणाला चार महिने झाले. संध्याकाळी खाली जडपणा वाटतो, धुताना गोळा हाताला लागतो. ऑपरेशन टाळता येईल का?

उत्तर : बहुधा हो, पण आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. अंग, म्हणजे गर्भाशय किंवा योनीची भिंत, थोडंसंच खाली आलं असेल तर व्यायामाने आटोक्यात राहतं. फार खाली आलेलं मात्र व्यायामाने वर जात नाही.

आडवं पडून, वारा आणि लघवी एकदमच रोखल्यासारखे स्नायू आत-वर ओढा. पाच सेकंद धरा, तितकंच पूर्ण सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान सोळा आठवडे. श्वास कोंडला किंवा खाली जोर दिला तर उलटा परिणाम होतो. बऱ्याच जणी इथेच चुकतात. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव नको. खोकताना, बाळ उचलताना आधी स्नायू आवळा.

बद्धकोष्ठता हटवा, कुंथू नका. कमोड असेल तर पायांखाली पाट घ्या. भरलेली घागर दुसऱ्या कुणाला उचलू द्या. आणि हो, पोट करकचून बांधणं बंद. तो दाब खालीच येतो.

अंगावर पाजत असेपर्यंत योनीच्या कोरडेपणामुळे त्रास जास्त जाणवू शकतो. गरज पडल्यास डॉक्टर योनीत आधाराची रिंग बसवतात. लघवी अडली, रक्त गेलं तर थांबू नका.